बायकोसाठी मागणी

शेआबाह गावात एक रीत आहे आणि ती मोडल्याचं कोणाला आठवत नाही. लग्न झालेल्या बाईला दिवस राखण्याची विद्या घ्यायची असेल, म्हणजे कुठला दिवस काय मागतो आणि काय देतो हे शिकून लोकांना कौल द्यायचा असेल, तर तिच्या नवऱ्याने गुरूच्या दारी जाऊन तिच्यासाठी मागणी घालायची. मुलगी मागायला जातात अगदी तशी. पहाटे जायचं, मेणबत्त्या आणि गोड पाव घेऊन, आणि आपल्या वतीने बोलणारा एक माणूस सोबत घेऊन. कारण विद्या पुरी झाल्यावर हातात येणारी बियांची थैली गावाच्या लेखी जोडीदार असते. पुरुषाला मिळाली तर ती त्याची दुसरी बायको, आणि बाईला मिळाली तर तिचा दुसरा नवरा.

आता स्वतःच्या बायकोसाठी दुसरा नवरा बघायला कोणता पुरुष आपण होऊन उठेल?

नान एस्तेफाना इत्सेपचं (तिथे बाईला मानाने नान म्हणतात आणि पुरुषाला तात) घोडं इथेच अडलं होतं. त्यातून तिचा नवरा, तात सिल्वेरियो, हा स्वतःच दिवसराखा. रविवारच्या बाजाराला डोंगरापलीकडच्या वाड्यांमधून माणसं त्याचं घर विचारत येत. एरवी तो लोकरीची कांबळी विणायचा, आणि फार चांगली विणायचा. पण कांबळ्यांची स्तुती केली तर तो नुसती मान हलवी, आणि कौलाची केली तर खुर्ची पुढे ओढून बसे.

एस्तेफानाला खुणा येऊ लागल्या त्याला बरीच वर्षं झाली होती. स्वप्नात एक म्हातारी यायची, शालीखालून गाठोडं काढून तिच्या मांडीवर ठेवायची आणि काही न बोलता निघून जायची. जागेपणी डाव्या पोटरीत काहीतरी लकाकायचं, लांबच्या ढगात आवाजाशिवाय वीज लकाकते तसं. या खुणांचा अर्थ शेआबाहमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. दुसऱ्या कोणत्याही बाईने हे सांगितलं असतं तर सिल्वेरियोने तिचं बोलणं पुरं होऊ न देता सांगितलं असतं, की नान, दिवस तुला बोलावताहेत. बायकोला त्याने सांगितलं, की झोपण्याआधी घेवडा कमी खात जा. पोटरीसाठी बाजारातून मलम आणून दिलं. मलम चांगलं होतं. वीज लकाकायची थांबली नाही.

मग एकदा कौलच लावा, असं ती म्हणायची. त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं होतं: घरच्या माणसासाठी बिया ओतायच्या नाहीत. हा नियम पूर्वजांचा की त्याचा एकट्याचा, हे तिला कधी कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवसराख्याकडे जाऊन विचारणं तिला सहज जमलं असतं. पण सिल्वेरियो इत्सेपची बायको कौल घ्यायला शेजारच्या आळीत गेली, ही बातमी बाजार उठायच्या आत सगळ्या गावाने चघळली असती. नवऱ्याचं असं हसं करणं तिच्या स्वभावात नव्हतं.

पण गप्प बसणंही आता जड जाऊ लागलं होतं. सिल्वेरियो घरी नसला की आलेली माणसं तिच्या चुलीपाशी बसत आणि सगळं सांगून मोकळी होत. मागे एकदा एक बाई आली होती. तिचा मुलगा उत्तरेकडे कामाला गेला होता आणि त्याचा काही निरोप नव्हता. ती बोलत असताना एस्तेफानाच्या पोटरीत वीज लकाकली, आज कोणता दिवस आहे हे तिला आठवलं, आणि काय सांगायचं ते सगळंच्या सगळं जिभेवर येऊन उभं राहिलं. पण ज्याच्याकडे थैली नाही त्याने कौल द्यायचा नसतो. तिने त्या बाईला गूळ घातलेली कॉफी दिली आणि तात संध्याकाळी येतील म्हणून सांगितलं. ती बाई संध्याकाळी आली नाही. ते गिळलेलं वाक्य एस्तेफानाला अजून टोचत होतं.

अशात दोघं अभ्यासक गावात यायला लागले.

ओदिलिया कोयोय ही शेला शहराच्या विद्यापीठातली. बोली तिच्या घरचीच होती. तिची आजी दिवसराखीण होती, पण तिची थैली तिच्याबरोबरच पुरली गेली होती. दुसरा ग्रेगोर, कॅनडातला, पिकल्या दाढीचा आणि इतका उंच, की दारातून आत येताना तो आधी वाके आणि मग नमस्कार करी. भाषा त्याला येत होती, पण एकेक शब्द तो अंडं ठेवावं तसा जपून ठेवायचा. दोघं मिळून दिवस राखण्याच्या विद्येवर पुस्तक लिहीत होते, आणि त्यात सिल्वेरियोचं नाव त्यांच्या नावांच्या शेजारी छापलं जाणार होतं. हे कळल्यापासून सिल्वेरियोने नवी टोपी घेतली होती.

त्याच्याइतका खूश गुरू शोधून सापडला नसता. एका उत्तरात भागलं असतं तिथे तो तीन देई. तिन्ही एकमेकांशी जुळली नाहीत तर ओदिलिया गोड हसून चौथा प्रश्न विचारी. ग्रेगोर बिया मांडायला शिकत होता. त्याचा पंजा एवढा मोठा, की पहिल्या दिवशी त्याने मूठ भरली तेव्हा कापडावर एकही बी उरली नाही. सिल्वेरियो त्याला म्हणाला, की तात ग्रेगोर, थोडं नशीब दुसऱ्यांसाठीही ठेवत जा. एस्तेफाना दाराशी बसून लोकर पिंजायची आणि सगळं ऐकायची. ते दोघं जे प्रश्न विचारत, ते तिने कधीच कोणाला विचारले नव्हते, आणि सिल्वेरियो त्यांना जे मोकळेपणाने सांगे, ते तिला कधीच सांगितलं नव्हतं. त्या अर्थी ती त्यांची तिसरी विद्यार्थिनी होती, फक्त हजेरीत नाव नव्हतं.

एका गोष्टीवर सिल्वेरियोने फार जोर दिला होता. कौल लावताना दिवसराख्याचं रक्त बोलतं. अंगात कुठेतरी वीज लकाकते, आणि ती डावीकडे की उजवीकडे, पुढून की मागून, यावर अर्थ ठरतो. ती लकाकली की तिथल्या तिथे मोठ्याने सांगायचं. ज्याने रक्ताचा शब्द गिळला, त्याचं रक्त कायमचं मुकं होतं. पलीकडच्या वाडीत एकाचं तसं झालं आणि आता तो कोंबड्या विकतो, हेही त्याने सांगितलं होतं.

पुस्तकाचं काम संपत आलं तेव्हा दोघांनी विनंती केली, की एक कौल सुरुवातीपासून शेवटपर्यंत कॅमेऱ्यात घेऊ द्या. सिल्वेरियोला याहून काय हवं होतं? त्याने चांगला दिवस काढला, एस्तेफानाकडून टेबलावरचं कापड धुऊन घेतलं, आणि शेजाऱ्याची गाय हरवली आहे असा एक लुटुपुटूचा प्रश्न ठरवून ठेवला.

ओदिलियाने विचारलं, की गाय खरंच हरवली आहे का. शेजाऱ्याकडे गायच नव्हती. मग ओदिलिया म्हणाली, की तात, खोटा प्रश्न बियांना घालायचा नाही, उत्तर येतंच आणि ते घालणाऱ्याच्या मानगुटीवर बसतं, असं तुम्हीच सांगितलं होतंत. सिल्वेरियोने क्षणभर विचार केला आणि आपण फार शहाणपणाचं बोललो होतो, असा निर्वाळा दिला.

तेव्हा खरा प्रश्न असलेलं माणूस हवं. सकाळी बेकरीवाल्याची विधवा आली. तिने तिपाईवरचा कॅमेरा पाहिला आणि आपण फक्त किती वाजले ते विचारायला आलो होतो असं सांगून परत गेली. मग एक ट्रकवाला आला. तो म्हणाला, की माझा प्रश्न असा आहे, की तो विद्यापीठाने पाहिला तर चालेल, पण माझ्या बायकोने पाहिला तर चालणार नाही. ऊन चढू लागलं. दिवस चांगला होता तो वाया जाणार असं दिसू लागलं, आणि सिल्वेरियोची नवी टोपी एकदा टेबलावर आणि एकदा डोक्यावर होऊ लागली.

एस्तेफाना कॉफी घेऊन आली होती. तिने पेले खाली ठेवले आणि म्हणाली, की मी बसते.

सिल्वेरियोचा जीव भांड्यात पडला. त्याच आठवड्यात त्यांची एक टर्की नाहीशी झाली होती, आणि ती कोल्ह्याने नेली की पलीकडच्या आळीने यावर घरात रोज बोलणं व्हायचं. बायको टर्कीबद्दल विचारणार हे त्याने धरूनच टाकलं. घरच्या माणसासाठी बिया ओतायच्या नाहीत ना, असं एस्तेफानाने विचारलं, तेव्हा तो म्हणाला, की टर्की काही माणूस नव्हे. आत जाऊन तिने मेणबत्ती आणली, डोक्यावरची शाल नीट केली आणि समोरच्या बाकावर बसली. हात तिने शालीखाली घेतले.

आणि इथे तात सिल्वेरियो चुकला. असल्या कामात दुसरं कोणी चुकलं असतं तर त्याने त्याला जन्मभर ऐकवलं असतं. कौलाला बसताना आधी प्रश्न ऐकायचा, तो आपल्याला पेलतो की नाही ते बघायचं, आणि मगच मेणबत्ती घ्यायची. एकदा ती लावून डोंगरांना आणि पूर्वजांना हाक मारली, की प्रश्न नाकारता येत नाही. पण खिडकीतून ऊन छान येत होतं, कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला होता, आणि प्रश्न तर ठाऊकच होता. त्याने मेणबत्ती घेतली, लावली आणि भरदार आवाजात हाका घालायला सुरुवात केली. पूर्वेचा डोंगर, पश्चिमेचा डोंगर, तळं, गरम पाण्याचा झरा, या घरात याआधी राहून गेलेले सगळे. कोणाला वगळलं नाही. ग्रेगोरने क्रम उलटा झाल्याचं पाहिलं आणि ओदिलियाकडे पाहिलं. ओदिलियाने खांदे किंचित उडवले. बायकोसाठी वेगळी पद्धत असेल, असं दोघांनी धरलं.

"विचार," सिल्वेरियो म्हणाला.

"तात सिल्वेरियो," एस्तेफाना म्हणाली. नवऱ्याला मारायची ही हाक नव्हती. परगावचं माणूस दारात उभं राहून म्हणतं तसं ती म्हणाली. "माझा प्रश्न असा आहे. दिवस मला बोलावताहेत का? थैली माझ्या नशिबात आहे का?"

सिल्वेरियोने मेणबत्तीकडे पाहिलं. ती जळत होती. हाका मारून बोलावलेले पाहुणे घरात येऊन बसले होते, आणि पत्ता चुकला म्हणून त्यांना परत पाठवायची सोय नव्हती.

"टर्कीचं काय?" त्याने हळूच विचारलं.

"टर्की सापडेल."

ओदिलियाच्या ध्यानात सगळं आलं. ती उठून कॅमेऱ्यापाशी गेली आणि म्हणाली, की हा घरातला प्रश्न दिसतो, तुम्हा दोघांपैकी कोणीही म्हणालात तर मी आत्ता बंद करते. एस्तेफाना म्हणाली, की चालू राहू दे. सिल्वेरियोने टोपी सारखी केली. इतक्या डोंगरांच्या देखत माघार घेणं त्याला शोभलं नसतं, मग एका यंत्राने काय मोठा फरक पडणार होता. चालू राहू दे, असं तोही म्हणाला.

त्याने थैली उघडली. पांगाऱ्याच्या लाल बिया कापडावर ओतल्या, हाताने गोल फिरवल्या, मूठ भरून घेतली आणि चार-चारच्या ढिगल्या मांडत गेला. मग आजच्या दिवसापासून एकेका ढिगलीवर एकेक दिवसाचं नाव ठेवत शेवटापर्यंत आला. एस्तेफाना मनात त्याच्याबरोबर मोजत होती आणि त्याच्या आधी पोचली.

"हरीण," सिल्वेरियो म्हणाला. मग त्याने टोपी मागे सारली. "हरीण म्हणजे पाय. तुझी पोटरी दुखते ना, ते आलंय. मलम बदलायला हवं."

ग्रेगोर लिहीत होता. त्याने लेखणी थांबवली आणि आपल्या सावकाश भाषेत विचारलं. त्याला कोणाला पकडायचं नव्हतं, तो खरोखरच गोंधळला होता. "तात, हरीण म्हणजे डोंगरावर उभं राहायची ताकद, असं तुम्ही मागे सांगितलंत. मलमाचं मी पहिल्यांदाच ऐकतोय. नवा अर्थ म्हणून लिहू का?"

"नको लिहूस," सिल्वेरियो म्हणाला.

दुसरी मूठ धाग्याच्या दिवसावर येऊन थांबली. धाग्याच्या दिवशीच तर नव्या दिवसराख्यांच्या हातात थैल्या देतात. हे त्याने दोघा अभ्यासकांना इतक्या वेळा सांगितलं होतं, की ते दोघं आणि एस्तेफाना, तिघंही माना खाली घालून बसले. सिल्वेरियो म्हणाला, की लोकर कातायची राहिली असावी. एस्तेफाना म्हणाली, की परवाच कातून संपली. ओदिलियाने खोकल्यासारखं केलं आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

त्याने तिसरी मूठ घेतली. ढिगल्या मांडता मांडता त्याचा हात मध्येच थांबला. टेबलाखाली त्याने एक पाय दुसऱ्या पायावर घासला आणि पुन्हा मांडायला लागला. एस्तेफानाने ते पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात कोणता पाय खाजेने घासतो आणि कोणता कशाने, हे बायकोला कळतंच. तिने मनाशी ठरवलं होतं, की आता याने खोटं सांगितलं तर आपण पुन्हा कधी हा विषय काढायचा नाही. लोकर पिंजायची, कॉफी द्यायची, आणि तात संध्याकाळी येतील म्हणून सांगायचं.

"तात," ओदिलियाने विचारलं, "रक्त बोललं का?"

"पाय झोपला," सिल्वेरियो म्हणाला.

ग्रेगोरने तेही लिहून घेतलं. मेणबत्तीचं मेण थाळीत ओघळलं. एस्तेफाना हात शालीखाली तसेच ठेवून नवऱ्याकडे बघत होती. तिच्या बघण्यात राग नव्हता, आणि तेच सिल्वेरियोला सोसेना. त्याला कोंबड्या विकणारा तो माणूसही आठवला असेल. त्याने हातातल्या उरलेल्या बिया कापडावर ठेवल्या.

"झोपला नाही," तो म्हणाला. "डावी पोटरी. पुढून, नडगीच्या बाजूने. खालून निघाली आणि वर गेली."

"म्हणजे?" एस्तेफानाने विचारलं.

"म्हणजे काय ते तुला माहीत आहे."

"मी विचारायला आलेय, तात. सांगणं तुमचं काम."

"डावी म्हणजे बाई," सिल्वेरियो म्हणाला. आता त्याचा आवाज कॅमेऱ्यासाठीचा नव्हता, घरातला होता. "पुढून म्हणजे पुढे यायचंय ते. मागून आली असती तर वेळ निघून गेली म्हणून सांगितलं असतं."

"गेली नाही ना?"

"गेली नाही."

त्याने राहिलेल्या ढिगल्या मांडल्या आणि नावं ठेवली. शेवटची ढिगली पहाटेच्या दिवसावर आली. पहाट नावाच्या त्या दिवशी लोक मुलगी मागायला निघतात. आता मलमालाही जागा नव्हती आणि लोकरीलाही. सिल्वेरियोने डोक्यावरची टोपी काढून बियांशेजारी ठेवली आणि ज्या डोंगरांना बोलावलं होतं त्यांचे आभार मानले. ते संपल्यावर एस्तेफाना उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिथे चुलीपाशी एकटीच उभी राहून हसली. मग तिने सगळ्यांना पुन्हा कॉफी आणली, कारण पहिली गार झाली होती.

पण कौल लागला म्हणजे काम झालं असं नव्हे. नवरा बायकोला ही विद्या देत नाही, आणि शेआबाहमध्ये बायकांना शिकवणारी एकच होती, गरम झऱ्याच्या वरच्या अंगाला राहणारी नान व्हेंतुरा पोरोह. तिच्याशी सिल्वेरियोचं बोलणं बंद होतं. एकदा भर बाजारात कोणीतरी तिला सिल्वेरियोच्या कौलाबद्दल विचारलं, तेव्हा ती म्हणाली होती, की त्याचा आवाज चांगला आहे. पुढे काहीच म्हणाली नव्हती.

तिच्या दारी जायचं, तेही बायकोसाठी नवरा मागायला. आणि सोबत बोलणारा माणूस हवा. गावातला कोणी नेला तर दुपारपर्यंत बाजारभर झालं असतं. सिल्वेरियोने दोन दिवस घास चावता चावता यावर विचार केला आणि मग ग्रेगोरला विचारलं. मागणीचं जुनं भाषण ग्रेगोरने एका म्हाताऱ्याकडून पूर्वी कधीतरी उतरवून घेतलं होतं. आता ते पुरतं येणारा गावात कोणी उरला नव्हता. ग्रेगोर इतका आनंदला, की त्या रविवारी तो खानावळीच्या अंगणात खानावळवालीच्या कुत्र्याला उद्देशून भाषणाची तालीम करताना लोकांनी पाहिला.

पहाटेचा दिवस आला. चौघं झऱ्याकडची चढण चढून गेली तेव्हा नुकतं फटफटलं होतं आणि झऱ्याच्या वाफेत लोकर धुणाऱ्या बायका पायांपुरत्याच दिसत होत्या. मेणबत्त्या सिल्वेरियोच्या हातात, गोड पावाची टोपली ओदिलियाच्या डोक्यावर, आणि एस्तेफाना सगळ्यांच्या मागे, रीतीप्रमाणे. पहिल्या हाकेला दार उघडायचं नसतं, ते उघडलं नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. तिसऱ्या हाकेच्या आधी ग्रेगोर पुढे सरकला आणि त्याचं कपाळ चौकटीवर असं आदळलं, की आतून नान व्हेंतुराने विचारलं, कोण मरतंय बाहेर.

ती सुरकुतलेली, लहानखुरी बाई होती. तिने सगळ्यांना आत घेतलं, सिल्वेरियोला सर्वांत बुटका बाक दाखवला आणि ग्रेगोरच्या कपाळावर ओलं फडकं ठेवलं. तशाच अवस्थेत, एका हाताने फडकं धरून, ग्रेगोरने भाषण सुरू केलं. नान, तुमच्या उंबऱ्यावरची धूळ आमच्या कपाळी लागो, आम्ही वाट चुकून आलो नाही, वाटेनेच आम्हाला आणलं. त्याने एकही ओळ गाळली नाही. नान व्हेंतुराचे डोळे आधी मोठे झाले, मग बारीक झाले, आणि मग ती तोंडावर शाल धरून हसू लागली. ती ओदिलियाला म्हणाली, की हा माझ्या पणजोबांसारखा बोलतो, याला कुठून खणून काढलंत. पण पुरतं भाषण तिने ऐकून घेतलं, आणि एका जागी तो अडखळला तिथे पुढचा शब्द तिनेच दिला.

"छान बोललास," ती ग्रेगोरला म्हणाली. "पण तुझी बायको नाही ही. ज्याची आहे त्याच्या तोंडात काय आहे?"

सिल्वेरियो बुटक्या बाकावर बसला होता आणि त्याचे गुडघे हनुवटीपर्यंत आले होते. त्याने कौल सांगितला. हरीण, धागा, पहाट, आणि डावी पोटरी.

"ते कळलं. पण इतकी वर्षं का नाही आलास? खुणा काल आल्यात काय?"

त्याने मेणबत्त्यांचा जुडगा या हातातून त्या हातात घेतला. एस्तेफाना दाराशी खाली बघत उभी होती. आता हा टर्की, मलम, लोकर, काहीतरी मध्ये आणणार, आणि नान व्हेंतुरा दार दाखवणार, असं तिला वाटलं.

"ती माझ्याहून चांगली निघेल म्हणून," सिल्वेरियो म्हणाला. "माणसं तिच्याकडे जातील."

"जातील की."

"मग मी काय करू?"

"कांबळी वीण," नान व्हेंतुरा म्हणाली. "तुझं एक माझ्या अंथरुणावर आहे. कितीतरी हिवाळे झाले, अजून उसवलं नाही. आवाजापेक्षा ते बरं आहे."

सिल्वेरियोला याचा राग यायला हवा होता. पण कांबळ्याबद्दल कोणी असं बोलेल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं, त्यामुळे राग यायच्या आधीच तो विचारून बसला, की कोणतं, लाल काठाचं का. लालच काठाचं होतं. मग थोडा वेळ दोघं कांबळ्याबद्दलच बोलले, काठ कसा टिकला, रंग कुठला होता. ग्रेगोरने ओदिलियाला खुणेने विचारलं, की हा मागणीचाच भाग आहे का. ओदिलियाने मान हलवली, म्हणजे आपल्यालाही माहीत नाही.

शेवटी नान व्हेंतुराने हात पुढे केला. सिल्वेरियोने मेणबत्त्या तिच्या हातात ठेवल्या आणि तिने त्या घेतल्या. एस्तेफानाला खाली बसावंसं वाटलं, पण जवळ बाक एकच होता आणि त्यावर नवरा होता.

मग नान व्हेंतुराने अटी सांगितल्या. ज्या दिवशी विद्येसाठी डोंगरावर जायचं असेल, त्या दिवशी एस्तेफानाने वेगळं निजायचं. त्या दिवशी घरात भांडण नाही, टोमणा नाही, चढा आवाज नाही.

"आणि भांडण तिनेच काढलं तर?" सिल्वेरियोने विचारलं.

"तर ते तू काढलंस असं मी धरीन."

ग्रेगोरने फडकं कपाळावर तसंच धरून लेखणी काढली होती. त्याने ओदिलियाच्या कानात विचारलं, की हा नियम सगळ्यांसाठी आहे, की बाईंनी खास तात सिल्वेरियोसाठी आत्ताच केला. ओदिलियाने नान व्हेंतुराला तो प्रश्न सरळच विचारला.

"लिही," नान व्हेंतुरा म्हणाली. "तुम्ही लिहिलंत की जुनाच होईल."

यावर पहिल्यांदा हसला तो सिल्वेरियो. हसता हसता तो बुटक्या बाकावरून उठायला गेला, जमलं नाही, आणि ओदिलियाला त्याला हात द्यावा लागला.

नान व्हेंतुराने गोड पावाची टोपली आत ठेवली आणि एस्तेफानाला उंबऱ्यापाशी बोलावलं. डोंगरावर ऊन आलं होतं. तिने तिला त्या उन्हाकडे तोंड करून उभं केलं आणि आजच्या दिवसाचं नाव घेऊन त्याला नमस्कार कर म्हणून सांगितलं. ते नाव एस्तेफानाने दाराआडून, चुलीपाशी, लोकर पिंजताना इतक्या वेळा मनात घेतलं होतं, की आता ते एकदम आणि घाईने बाहेर आलं.

"सावकाश," नान व्हेंतुरा म्हणाली. "तो संध्याकाळपर्यंत इथेच आहे. पुन्हा घे."

एस्तेफानाने पुन्हा घेतलं.